नळीचं दुसरं टोक

ठेव ती पहार खाली आणि बस इथं, मातीच्या ढिगावर. तुम्हीही बसा रे दोघं. अंधार पडला, आता काही दिसायचं नाही, आणि हा खड्डा रात्रीतून कुठं पळून जात नाही. मघाशी मला विचारलंस, काका, कडक लागलंय, इथंच थांबलं तर चालेल ना? तुझी घाई मला ठाऊक आहे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. भिंती उठायच्या आत पडद्यांचे रंग ठरवून बसलायस. चालेल की नाही ते मी सुतार माणूस काय सांगणार? माझं काम जोत्याच्या वर. पण माझ्या ओळखीच्या एका गवंड्याची हकीकत सांगतो. जोडीनं बरीच घरं उभी केली आम्ही. तो भिंती बांधायचा, मी दारं-खिडक्या बसवायचो. ऐका, आणि मधे बोलू नका. यातलं बरंचसं त्यानं मला नंतर सांगितलं, आणि शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मार्च महिन्यातला शेवटचा शनिवार होता. जेवण उरकून, साडेआठच्या सुमारास, हा गवंडी खोलीतून निघाला तो एवढ्याचसाठी, की सकाळी मी त्याला चार शब्द सुनावले होते. त्याचं स्वतःचं घर नुकतं बांधून झालं होतं. उभा जन्म लोकांची घरं बांधण्यात गेला आणि स्वतः राहिला भाड्याच्या एका खोलीत. आता कुठं हे झालं. गावाच्या कडेला, शेवटच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट. तीन खोल्या, विटांच्या भिंती, वर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी. काम एकदम चोख. फक्त कोपऱ्यातल्या खोलीचं दार अडायचं. मी एकदा रंधा मारून आलो. आठवड्यात पुन्हा अडलं. पुन्हा मारला. त्या शनिवारी बघतो तर परत अडलेलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. दार एकदा अडलं तर लाकडाचा दोष, दुसऱ्यांदा अडलं तर सुताराचा. तिसऱ्यांदा अडलं की दाराकडे बघायचंच नाही, जमिनीकडे बघायचं. त्याला म्हटलं, मिस्त्री, मी आता रंधा मारणार नाही. नळी लावून बघ, कोपरा बसलाय का. तो नुसता हं म्हणाला. त्याचं हं म्हणजे हो की नाही, हे कुणाला कधी कळायचं नाही.

नळी तुम्ही पाहिलीच असेल. प्लास्टिकची, आरपार दिसणारी, लांबलचक. तिच्यात पाणी भरायचं. एकानं एक टोक भिंतीवरच्या खुणेशी धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक घेऊन घरभर फिरायचं. इकडे पाणी जितक्या उंचीवर, तितक्याच उंचीवर तिकडे. माणूस खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही. इकडच्या माणसाच्या खुणेवर पाणी येऊन थांबलं की त्यानं ओरडायचं, बास! मग तिकडच्यानं खूण करायची. काम सोपं आहे, पण ते दोघांचं काम आहे.

गवंड्याच्या नळीचं दुसरं टोक जन्मभर त्याच्या बायकोनं धरलं. लोक हसायचे. म्हणायचे, याला बिगारी मिळत नाही का, जिथं जाईल तिथं बायकोला घेऊन जातो. पायाच्या चरात हा पहार हाणायचा आणि ती वर काठावर उभी. हा वर बघायचा. ती म्हणायची, अजून. हा आणखी खणायचा, पुन्हा पहार हाणायचा. ती म्हणायची, बास. की झालं, तिथून दगड रचायला सुरुवात. आम्हाला वाटायचं, बायकोला विचारल्याशिवाय याचं पान हलत नाही. मीसुद्धा त्यावरून त्याची कमी चेष्टा केली नाही.

खरी गोष्ट वेगळी होती. ऐन तारुण्यात दगड फोडण्याच्या यंत्रावर काम करून त्याचा डावा कान पार गेला होता, आणि उजवाही अर्धाच चालायचा. हे फक्त दोघांना माहीत, त्याला आणि तिला. लेकीलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. बहिऱ्या गवंड्याला पाया कोण खणायला देईल? कारण जमिनीत कातळ लागला की पहार खणखणते. नुसता सुटा दगड असेल, खाली भुसभुशीत, तर तीच पहार बद्द वाजते. हाताला दोन्ही सारखेच कडक लागतात. फरक फक्त कानाला कळतो, आणि त्याचे कान म्हणजे ती. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी इतकी वर्षं दोघांनी ही मूठ झाकून ठेवली. म्हणून त्याची घरं कधी खचली नाहीत.

मग ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं.

एकटं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला आत्ता कळायचं नाही, आणि लवकर कळूही नये. तो कामावरून यायचा, कुलूप उघडायचा, कपभर चहा करायचा आणि भिंतीकडे तोंड करून प्यायचा. बोलायला माणूस नाही, आणि कोणी बोललं तर धड ऐकू येत नाही. आधी ती जवळ असायची, कोणी काय म्हटलं ते हळूच उजव्या कानाशी सांगायची. आता चार माणसांत बसला की सगळे हसले की हा हसायचा. दर रविवारी लेकीचा फोन यायचा, दूरच्या शहरातून. अर्धं कळायचं, अर्धं नाही. सगळ्याला हं, हं करायचा आणि फोन ठेवून तसाच बसून राहायचा. मी कधीतरी डोकवायचो, पण मीही मूर्खच. मला वाटायचं, गडी घुम्या झालाय, राहू दे एकटं.

आणि एका रविवारी लेकीनं सांगितलं, तुमच्या जावयाची बदली तुमच्याच गावाला होतेय. आम्ही तिकडेच येतो, बाबा. तुमच्याजवळ राहू, पोराला आजोबा मिळतील. हे मात्र त्याला शब्द न् शब्द ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर. म्हणाला, सुतार, चौकटी काढायला घे. मी म्हटलं, अरे, अजून जमिनीवर फावडं पडलं नाही! पण त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू दिसलं होतं, मी निमूटपणे लाकूड आणायला गेलो.

जागा त्याची आधीपासून होती. पूर्वी वीटभट्टीवाल्यांनी तिथली माती खणून नेलेली, मग गावातला राडारोडा टाकून खड्डे बुजवलेले. खोल जायला हवं, हे त्याला काय आम्ही सांगणार? तीन कोपऱ्यांना तो पुरुषभर खाली उतरला, तेव्हा कातळ लागला. चौथ्या कोपऱ्यात कमरेएवढ्या खड्ड्यातच पहार अडली. त्यानं हाणली. हाताला झिणझिण्या आल्या. पुन्हा हाणली. सवयीनं वर बघितलं. वर काठावर कोणी नव्हतं, नुसतं आभाळ. बिगाऱ्याला विचारता आलं असतं, बाबा रे, आवाज कसा येतो? पण मग मूठ उघडली असती. आणि लेक यायची घाई. तो स्वतःशीच म्हणाला, बास. त्या कोपऱ्यावर खोली उठली, खोलीवर स्लॅब, आणि स्लॅबवर नेमकी त्याच कोपऱ्यात टाकी.

आता आलं ध्यानात, तो शनिवारी रात्री का निघाला ते? दुसऱ्या दिवशी दुपारी लेक, जावई आणि नातू यायचे होते. सामान टेम्पोत चढलेलं. कोपऱ्यातली खोली लेकीला आणि बाळाला द्यायची, हेही ठरलेलं. नळवाल्यानं त्याच दिवशी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. गवंड्यानं पिशवीत थापी, थोडं सिमेंट आणि बॅटरी घेतली, नळीचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला. शेवटच्या खांबावरचा दिवा मागे पडला, मग नुसता अंधार. चंद्र उगवायला अजून वेळ होता. त्यानं कुलूप काढलं. बाहेरच्या खोलीत एक दिवा लागत होता. कोपऱ्यातल्या खोलीत अजून बल्बच बसवलेला नव्हता.

फरशी बसवताना त्यानं सगळ्या खोल्यांतून छातीच्या उंचीवर एक निळी रेघ मारली होती. वर रंगाचा एकच हात दिलेला, त्यातून ती रेघ दिसायची. हिशेब साधा होता. बाहेरच्या खोलीत नळीतलं पाणी रेघेवर आणायचं आणि आतल्या खोलीत बघायचं. तिथंही रेघेवर असेल तर कोपरा जागेवर. रेघ पाण्याच्या खाली गेली असेल, तर कोपरा बसला.

पण तो एकटा. त्यानं एक टोक बाहेरच्या खोलीत खिळ्याला तारेनं बांधलं आणि दुसरं घेऊन आत गेला. पाणी हलायला लागलं. जरा वर धरलं, जरा खाली धरलं, आणि बाहेर बघायला गेला. पाणी रेघेच्या वर. परत आत. पुन्हा बाहेर. आता रेघेच्या खाली. अशा फेऱ्या घालता घालता त्याला रडू यायला लागलं. मला सांगताना म्हणाला, सुतार, कोपऱ्याच्या भीतीनं नाही रे. त्या घरात त्या क्षणी दुसरं टोक धरायला माझं असं कोणी नव्हतं, म्हणून.

तरी तो पुन्हा आत गेला. बॅटरी फरशीवर उभी ठेवली. नळी भिंतीला लावली आणि हळूहळू वर सरकवायला लागला.

बास.

त्याचा हात थांबला. आधी वाटलं, मीच आलोय बाहेर, त्याची गंमत करतोय. त्यानं हाक मारली, सुतार? ...काही नाही. मग त्याच्या ध्यानात आलं. आवाज उजव्या बाजूनं आला नव्हता. डाव्या कानात आला होता. त्या कानात तीस वर्षांत काही वाजलं नव्हतं. पाऊस नाही, गाडी नाही, लेकीच्या लग्नातला बँडसुद्धा नाही.

त्यानं हातातल्या नळीकडे पाहिलं. पाणी मघापासून हलत होतं ना? आता स्थिर होतं. एकदम स्थिर.

नळी तिथंच कोनाड्याला टेकवून तो पावलं न वाजवता बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दिवा चालू होता. खोली रिकामी. खिळ्याची तार उलगडलेली, खाली फरशीवर पडलेली. आणि नळीचं टोक... टोक भिंतीला लागून सरळ उभं होतं. कशाचाही आधार नाही. पाणी निळ्या रेघेवर, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

तो दारात उभा राहिला. 

मग ते टोक हळूच खाली आलं. पडलं नाही. कोणी जपून खाली ठेवावं, तसं फरशीवर टेकलं. थोडं पाणी सांडलं.

काय रे, मागे काय बघतोस? मागे कोणी नाही. पुढं ऐक.

दुसरा कोणी असता तर तिथून धूम पळाला असता. हा पळाला नाही. आधी त्यानं मला सांगितलं की पाय उचलले नाहीत. नंतर खरं काय ते सांगितलं. त्याला जायचंच नव्हतं. तो परत आतल्या खोलीत गेला, कारण पाणी थांबलं तेव्हा त्यानं पेन्सिलीनं तिथं खूण केली होती. बॅटरी उचलून बघितलं. रेघ खुणेच्या खाली होती. चांगली दोन बोटं. आणि भिंतीत, खिडकीच्या खालून, एक बारीक भेग निघून फरशीपर्यंत गेलेली. सकाळी ती नव्हती.

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ना, ती त्याची खरंच सरकली. पण ऐका, माणूस कसा असतो. त्याच्या मनात पहिला विचार काय आला? दोनच बोटं तर आहेत. भेग बुजवता येईल. दाराला मी रंधा मारला नाही तर दुसरा सुतार मारेल. एकदा लेक आली, नातू अंगणात रांगायला लागला, महिना-दोन महिने घर माणसांनी भरलं, की मग सांगू सावकाश. आज सांगितलं तर जावई म्हणेल, आपण भाड्यानं कुठंतरी लांब राहू. आणि मग परत तो कपभर चहा, आणि ती भिंत. त्याला ते नको होतं. त्यानं नळीतलंच थोडं पाणी घेऊन सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि भेगेवर पहिला थर ओढला.

खालून आवाज आला.

बद्द.

त्याची थापी हवेत.

बद्द.

फरशीच्या खालून. पहार हाणल्यासारखा. त्यानं उजव्या कानावर तळहात दाबला. घट्ट. आवाज कमी व्हायला हवा होता. वाढला. बद्द... बद्द... डाव्या कानात, स्वच्छ. कोपऱ्यातून निघाला. खिडकीखालून गेला. बाळाचा पाळणा जिथं टांगायचा होता, तिथं आला. थांबला.

आणि कानाशी, अगदी कानाशी, ती नेहमी सांगायची तशी...

अजून.

त्यानं थापी खाली ठेवली.

अजून.

म्हणाला, ऐकतोय मी. ऐकू येतंय मला. बस कर.

मग काहीच नाही. बॅटरीचा उजेड, ओलं सिमेंट, आणि तो. त्यानं सगळ्या खोलीभर बॅटरी फिरवली. कोपऱ्यात, दारामागे, खिडकीत. तिचं नाव घेऊन हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मला म्हणाला, सुतार, भीती वाटली ती तेव्हा. ती आली म्हणून नाही. ती गेली असेल म्हणून.

त्यानं खिशातून फोन काढला आणि लेकीला लावला. तिकडे उरल्यासुरल्या सामानाची आवराआवर चालली होती. तो म्हणाला, उद्या या घरात राहायला येऊ नकोस.  लेक हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आम्ही नकोसे असलो तर आधी सांगायचं होतंत."

आता हे वाक्य त्याला अर्धंच ऐकू आलं असतं, एरवी. पण त्यानं फोन उजव्या कानात रुतेल इतका दाबून धरला होता. आणि त्यानं मूठ उघडली. म्हणाला, "पोरी, मला ऐकू येत नाही. डावा कान कधीचाच गेलाय, उजवाही जातोय. पाया तुझी आई ऐकायची. हा पाया कोणी ऐकलाच नाही. कोपरा पोकळ आहे."

 त्याला वाटलं, फोन तुटला. मग कळलं, ती रडतेय. म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही मला नुसतं हं हं करताय. मला वाटायचं, आई गेली आणि तुम्हाला माझाही कंटाळा आला." मग तिनं नाक पुसलं असावं, आणि ठणकावून, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं सांगितलं की आम्ही उद्या येतोय. घर नसलं तर नसलं. तुमच्या खोलीत राहू.

त्यानं दिवा बंद केला. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि निघाला. नळी तशीच आत राहिली. वाटेत त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. लेक येणार, या आनंदात होता तो. त्यात त्याचं काय चुकलं?

रविवारी सकाळी तो नळवाल्याकडे गेला, म्हणाला टाकी रिकामी कर. नळवाला सोमवारी बघू म्हणाला. दुपारी लेक-जावई आले. सामान माझ्या वर्कशॉपमध्ये उतरवलं. त्या एका खोलीत चौघं झोपले, उशाला पातेली आणि पायाला सुटकेसा. नातू आजोबाच्या पोटावर. आणि हा, जो रात्र रात्र जागा असायचा, तो ढाराढूर घोरला. मध्यरात्रीनंतर कधीतरी लेकीला लांबून धडाम असा आवाज ऐकू आला. तिनं बापाकडे बघितलं. झोपलेला होता. तिनं त्याला उठवलं नाही.

सोमवारी उजाडताच आम्ही गेलो. तो, लेक आणि मी. लांबूनच दिसलं. कोपरा नव्हता. टाकीसकट अर्धा स्लॅब खाली आलेला, दोन भिंती आत कोसळलेल्या. खिडकीच्या जागी आभाळ. बाकीच्या दोन खोल्या जागच्या जागी, जणू काही घडलंच नाही. खाली खड्ड्यात, त्याची पहार अडली होती तो दगड दिसत होता, बैलगाडीच्या चाकाएवढा, एका अंगावर कललेला. त्याच्या खाली राख, खापऱ्या, कुजका कचरा. पुढं ते सगळं उपसलं, पुरुषभर खाली गेलो, आणि लेकीला काठावर उभी करून पहार हाणली. कातळावर घर पुन्हा उठलं, आजही उभं आहे. त्याचा नातू आता कॉलेजात जातो. पण ते सगळं पुढचं. त्या सकाळचं सांगतो.

पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. त्यानंच उघडलं. आतल्या खोलीचं दार, जे मला सरळ करता आलं नाही, ते भिंतीनं सोडलेलं, सताड उघडं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विटा, स्लॅबचे तुकडे, वाकलेल्या सळया. आणि सगळ्यावर धुळीचा जाड थर, पांढरा, चाळणीतून चाळून टाकल्यासारखा. लेकीनं तोंडावर पदर धरला. बाळाची जागा कुठं होती, ते बापानं तिला वाटेत सांगितलं होतं.

मी आधी पुढं गेलो, म्हणून मला आधी दिसलं.

पाळणा टांगायचा होता त्याच्या बरोबर खाली, फरशीवर, एक जागा रिकामी होती. तीन बाजूंनी गुडघ्याएवढा ढीग, मागे उभी राहिलेली भिंत. मधे... काही नाही. वीट नाही. खडा नाही. धूळसुद्धा नाही. फरशी धुतल्यासारखी स्वच्छ. फार मोठी नव्हती ती जागा. एखादं बाईमाणूस भिंतीला पाठ टेकून, पाय जवळ घेऊन बसलं तर मावेल, एवढी. पुढच्या बाजूला दोन लहान पावलांच्या टाचा टेकाव्यात, तशा दोन गोल जागा.

मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो तिथंच बघत होता. हातात कुलूप आणि किल्ली.

म्हणाला, "मी बाहेरून कुलूप लावून गेलो, सुतार."

कुलूप त्यानं त्या जागेच्या कडेला खाली ठेवलं.  

दुपारी मजूर आले, मलबा उपसायला लागले. संध्याकाळपर्यंत वरून माती गळतच होती. सगळ्या फरशीवर पुन्हा पुन्हा थर बसत होता. त्या जागेवर काही बसलं नाही.